महाराष्ट्रातील वस्तुचित्र

फळे, फुले, भांडी, बाटल्या, पुस्तके यांसारख्या स्थिर वस्तूंची मुद्दाम मांडणी करून, ती समोर ठेवून काढलेल्या चित्रास वस्तुचित्र म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कलाशाळेतून रुजला. पुढे शासकीय रेखाकला परीक्षांमुळे तो तालुक्याच्या आणि खेड्यांतल्या माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला. या परीक्षांना बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी तांब्या, घागर किंवा कापलेले फळ समोर ठेवून रंगविलेले असते. तरीही वस्तुचित्राकडे कला म्हणून नव्हे, तर हाताच्या सरावाचा धडा म्हणूनच पाहिले गेले. एवढ्या लोकांनी हाताळलेल्या आणि इतक्या थोड्यांनी मानलेल्या या प्रकाराचा महाराष्ट्रातील इतिहास प्रस्तुत लेखात दिला असून, शाळेतील सरावाची उदाहरणे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील वस्तूंची व पिकांची घेतली आहेत.

संज्ञा

डच भाषेत या प्रकाराला ‘स्टिललेव्हन’ म्हणजे निश्चल जीवन, तर फ्रेंचमध्ये ‘नात्यूर मॉर्त’ म्हणजे मृत निसर्ग असे नाव आहे. मराठीत ‘वस्तुचित्र’, ‘स्थिरचित्र’ आणि ‘स्थिरवस्तुचित्र’ असे तीन शब्द चालतात. रेखाकला परीक्षेत एलिमेंटरीच्या विषयाला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटच्या विषयाला स्थिरचित्र म्हणण्याची रीत आहे. पहिल्यात एकदोन वस्तूंचा आकार आणि छायाप्रकाश नीट साधला तरी पुरते. दुसऱ्यात कापडाच्या पार्श्वभूमीसह अनेक वस्तूंचा समूह रंगवावा लागतो. कलाशिक्षकांच्या बोलण्यात या समूहाला ‘ग्रुप’ आणि तो मांडण्याला ‘ग्रुप लावणे’ म्हणतात. तिन्ही शब्दांत ‘वस्तुचित्र’ हा अधिक नेमका वाटतो, कारण डोंगर आणि देऊळही स्थिरच असतात.

चित्राआधीची मांडणी

वस्तू नेटकेपणाने मांडून त्यांच्याकडे पाहणे महाराष्ट्राला नवे नव्हते. लग्नातील रुखवत, गौरीपुढची आरास आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात कमळाच्या आकारात कापून ठेवलेले कलिंगड ही मांडणीचीच उदाहरणे आहेत. गावाकडच्या स्वयंपाकघरात घासून लखलखीत केलेली भांडी ज्या फळ्यांवर ओळीने लावतात, त्या फळ्यांनाच ‘मांडणी’ म्हणतात. एकावर एक रचलेल्या मडक्यांच्या ‘उतरंडी’त खालच्या रुंद घेरापासून वरच्या लहान तोंडापर्यंत जाणारी जी लय दिसते, ती कलाशाळेत ‘रचना’ म्हणून वेगळी शिकवावी लागते.

असे असूनही या वस्तू स्वतंत्रपणे रंगविल्या गेल्या नाहीत. शिल्पात मात्र त्यांना स्थान मिळाले. जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये, विशेषतः लेण्याद्रीच्या चैत्यगृहात, स्तंभांच्या तळाशी घटाचा आकार कोरलेला आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा मोठा दगडी रांजण तर प्रसिद्धच आहे. व्यापाऱ्यांकडून मिळणारी जकात त्यात टाकली जाई, असे मानले जाते. तेथल्या गुहेतील सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची लांबलचक नोंद आहे. गाई, घोडे, हत्ती, वस्त्रे, कार्षापण नाणी असे बरेच काही तीत मोजून सांगितले आहे. वस्तूंची यादी करण्याची ही आवड पुढे मराठी दफ्तरांतही दिसते. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र होते आणि ‘जुन्नरी’ कागद पेशवाईत लिखाणासाठी वापरला जाई. त्या काळच्या कागदांत भांडी, कापडे आणि जडजवाहीर यांच्या याद्या सापडतात. आपल्याकडे वस्तू लिहिल्या गेल्या, रंगविल्या गेल्या नाहीत, असे थोडक्यात म्हणता येईल.

पेशवेकालीन वाड्यांच्या भिंतींवर देवदेवता, राजे आणि पुराणकथांचे प्रसंग आहेत. भांडी आणि फुलदाण्या त्यांत येतात त्या नक्षी म्हणून किंवा कुणाच्या तरी हातातल्या. अठराव्या शतकात चीनहून पश्चिम भारतात आलेल्या काचचित्रांच्या तंत्राचीही गोष्ट वेगळी नाही. त्यात काचेच्या मागच्या बाजूने आधी बारकावे आणि शेवटी पार्श्वभूमी अशा उलट्या क्रमाने रंग लावतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, वज्र्या, दिवे, पानदाने आणि स्वयंपाकाची भांडी जन्मभर जमविली. जुन्या मराठी घरातील वस्तू कशा होत्या हे आज पाहायचे, तर चित्रांकडे नव्हे, या संग्रहालयाकडेच जावे लागते.

प्रतवारीतील खालचे स्थान

युरोपात वस्तुचित्राला कमी लेखण्याची परंपरा जुनी आहे. फ्रेंच अकादमीचा लेखक आंद्रे फेलिबियाँ याने 1667 मध्ये विषयांची जी प्रतवारी सांगितली, तीत फळे आणि शिंपले रंगविणारा अगदी खाली येतो. त्याच्या वर निसर्गचित्रकार, मग जिवंत प्राण्यांचा आणि माणसांचा चित्रकार, आणि सर्वांत वर इतिहास व पुराण यांतील प्रसंग रंगविणारा. हीच उतरंड इंग्रजी कलाशिक्षणाबरोबर मुंबईत आली. तिचा एका चित्रकाराच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. शिवाय तेथील समाजाची घरे त्या काळी महाराष्ट्रातल्याप्रमाणेच परदेशी वस्तूंनी भरू लागली होती.

अमेरिकेतील पहिला व्यावसायिक वस्तुचित्रकार म्हणून राफाएल पील (1774–1825) याचे नाव घेतले जाते. त्याचे वडील चार्ल्स विल्सन पील हे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील नामांकित व्यक्तिचित्रकार आणि फिलाडेल्फियातील संग्रहालयाचे संस्थापक होते. त्यांनी मुलांची नावेच राफाएल, रेम्ब्रांट, टिशन, रूबेन्स अशी ठेवली होती; यावरून त्यांच्या अपेक्षांची कल्पना येते. राफाएलने 1795 मध्ये फिलाडेल्फियातील कोलंबियानम प्रदर्शनात वस्तुचित्रे मांडली आणि साधारण 1812 नंतर तो मुख्यतः याच प्रकाराकडे वळला. मुलाने व्यक्तिचित्रे काढावीत असा वडिलांचा आग्रह अखेरपर्यंत होता. राफाएलची चित्रे आकाराने लहान. लाकडी फळी, तिच्यावर काही फळे, एखादा पेला, केकचा तुकडा आणि मागे गडद भिंत एवढाच पसारा. त्यांना किंमतही बेताचीच मिळे. आजारपण, दारू आणि पैशाची चणचण यांत त्याचे आयुष्य गेले. वडिलांच्या संग्रहालयासाठी प्राणी पेंढा भरून टिकविण्याच्या कामात वापरल्या जाणाऱ्या आर्सेनिकमुळे त्याची प्रकृती बिघडली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आज मात्र 1818 चे त्याचे ‘केकसह वस्तुचित्र’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि त्याचे नाव वडिलांच्या बरोबरीने घेतले जाते.

त्याचे काका जेम्स पील (1749–1831) यांनी उतारवयात वस्तुचित्रे रंगविली. त्यांच्या भाज्यांच्या एका चित्रात कोबी आणि टोमॅटोबरोबर कारल्याच्या कुळातले एक फळ आहे. मराठी प्रेक्षकाला ते चटकन ओळखता येते. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज 1784 मध्ये न्यूयॉर्कहून कँटनला गेले आणि अमेरिकेचा चीनशी थेट व्यापार सुरू झाला. चहा आणि चिनी मातीची भांडी घरोघर येऊ लागली. त्यामुळे पील घराण्याच्या चित्रांतील फळ बागेतले असले, तरी त्याखालची निळी-पांढरी बशी बहुधा सातासमुद्रापलीकडची असते.

मुंबईची कलाशाळा

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे शिक्षक इंग्लंडहून आले. शिक्षणक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा होता. आधी छापील नमुन्यांवरून रेषा, मग भूमिती, मग प्लास्टरचे साचे आणि घनाकृती, पुढे प्रत्यक्ष वस्तू आणि सर्वांत शेवटी जिवंत माणूस. वस्तू समोर ठेवून काढणे हा या जिन्यातला मधला टप्पा होता. विद्यार्थी तेथे थांबावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, आणि बहुतेक जण थांबलेही नाहीत.

1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत नाव मिळे ते व्यक्तिचित्रांना, प्रसंगचित्रांना आणि निसर्गचित्रांना. रावबहादूर म. वि. धुरंधर (1867–1944) यांनी या शाळेत एकेचाळीस वर्षे काढली आणि तो काळ ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात नोंदविला. त्यांच्या चित्रांतील समई, तबक किंवा पाट यांचे रेखाटन अचूक असते. पण ती सारी माणसांच्या सोबतीला. स. ल. हळदणकर (1882–1968) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या गाजलेल्या जलरंगचित्रातही दिव्याचा उजेड हाच खरा विषय असला, तरी तो स्त्रीच्या चेहऱ्यावरच पडावा लागतो.

परीक्षा आणि वर्गातील सराव

कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्राला महाराष्ट्रात सर्वदूर नेले. कलाशाळेतील प्रवेशासाठी त्यांचा उपयोग होई आणि पुढे दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुणही मिळू लागले.

घागर हा या सरावाचा पहिला खरा कस. काठ, गळा, पोट आणि बूड मिळून तिच्यात निदान चार वर्तुळे आहेत आणि समोरून पाहताना ती चारही लंबवर्तुळे दिसतात. डोळ्यांच्या पातळीजवळचे लंबवर्तुळ चपटे, तर जसजसे खाली जावे तसतसे ते अधिक उघडे दिसते. त्यामुळे त्याच घागरीच्या काठापेक्षा बुडाची कड जास्त गोलावते. जवळपास प्रत्येक विद्यार्थी बुडाची रेघ सरळ काढतो. घागर जमिनीवर सपाट बसते हे त्याला ठाऊक असते आणि ठाऊक असलेले तो कागदावर उतरवतो, दिसलेले नव्हे. वस्तुचित्राच्या तासाचे सारे सार या एका चुकीच्या दुरुस्तीत आहे.

रंगाचेही तसेच. पितळ पिवळे असते हे माहीत असल्यामुळे तांब्या सगळा पिवळा होतो. खिडकीच्या बाजूने त्यात आभाळाची निळसर झाक असते, खाली टेबलावरच्या कापडाचा रंग चढलेला असतो आणि शेजारी लाल टोमॅटो असेल तर पोटावर त्याची लालसर सावली असते. सर्वांत उजळ ठिपका जलरंगात रंगवायचा नसतो. तो कागदाचा पांढरेपणा असतो आणि पहिल्या हातापासून राखून ठेवावा लागतो.

आयात वस्तू आणि त्यांची मराठी नावे

वर्गात मांडल्या जाणाऱ्या वस्तू ‘आपल्या घरातल्या’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या नावांकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. लोणच्याची खांद्यावर तपकिरी आणि खाली पांढरट अशी दुरंगी बरणी ‘चिनी मातीची’. ॲल्युमिनियमचे पातेले गावोगाव ‘जर्मनचे’, काही ठिकाणी ‘जर्मलचे’. पेला आणि सुरई फारसीच्या वाटेने आले. कंदील हा शब्द अरबी आणि त्याचे वाऱ्यात न विझणारे रूप पाश्चात्त्य. न्यूयॉर्कच्या डिट्झ कंपनीचे असे कंदील जगभर विकले जात. किटली आणि कपबशी चहाबरोबर घरात शिरल्या.

फळे-भाज्यांची वंशावळ याहून मजेशीर आहे. टोमॅटो, बटाटा, मिरची, पेरू, पपई, सीताफळ, अननस ही सारी मूळची अमेरिका खंडातली. त्यांतील बरीचशी पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली आणि बटाटा तर नावासकट आला. पील यांच्या फळीवर चीनची बशी आणि मूळचे चीनचेच पीच. आपल्या टेबलावर चीनच्या नावाची बरणी आणि अमेरिकेचे सीताफळ. दोन्हीकडे परकी वस्तू इतकी घरची झाली की चित्रकाराला ती परकी वाटेनाशी झाली.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत ग्रुपसाठी फळे शोधत हिंडावे लागत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पूर्वेकडील भागात द्राक्षे, ऊस आणि भाजीपाला होतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाटा सर्वश्रुत आहेत. पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी पट्ट्यात भात, नाचणी आणि हिरडा. तेथील घरांत बांबूची कणगी, टोपल्या, सुपे आणि मातीची मडकी असतात. चित्राच्या दृष्टीने बांबूची वीण पितळेच्या चकाकीपेक्षा अवघड, पण परीक्षेच्या सरावात ती क्वचितच मांडली जाते. परीक्षेचा ठरलेला नमुना म्हणजे तांब्या, किटली, बाटली आणि एखादे फळ. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले; तालुक्याला नाव देणाऱ्या त्या गावातील घरे कशी लावलेली होती, हे सांगणारे चित्र हाती असते तर वस्तुचित्राला धडा म्हणून हिणवणे कठीण गेले असते.

स्टील आणि प्लॅस्टिक आल्यापासून पितळी घागर, कंदील आणि चिनी बरणी बहुतेक स्वयंपाकघरांतून उठली. आज विद्यार्थी वर्गात जो तांब्या काढतो, तो पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या घरात नसतो. चित्रकला-खोलीच्या कपाटातून काढलेला, दरवर्षी तोच, पोचा पडलेला तांब्या असतो. स्टीलचा डबा किंवा पाण्याची प्लॅस्टिकची बाटली ग्रुपमध्ये ठेवायला हरकत नाही. पारदर्शक प्लॅस्टिक रंगविणे तर काचेइतकेच कसोटीचे आहे.

कृ. हौ. आरा

वस्तुचित्राला महाराष्ट्रात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणारे पहिले मोठे नाव कृष्णाजी हौलाजी आरा (1914–1985) यांचे. सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मलेले आरा लहानपणीच मुंबईस आले आणि घरगडी म्हणून काम करून जगले. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. जे. जे.तील पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नाही. कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर या मुंबईत स्थायिक झालेल्या युरोपियनांनी त्यांचे गुण हेरले. 1942 मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले.

फुलदाण्या, फळे, सुरया, बाटल्या आणि बश्या हे त्यांचे जन्माचे विषय. जलरंग आणि अपारदर्शक रंग ते इतके जाड लावीत की चित्र तैलरंगाचे वाटावे. पुढे ते तैलरंगाकडेही वळले. राखून ठेवलेला पांढरा ठिपका, नेमके लंबवर्तुळ अशा परीक्षेतल्या अटी त्यांच्या चित्रांत जागोजागी मोडलेल्या दिसतात. टेबल पुढे कलते, फुलदाणी तोल सावरत उभी राहते, पण वस्तूचे वजन हाताला जाणवते. ‘टू जग्ज’ या चित्राला 1952 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दोन सुरयांच्या चित्राला सुवर्णपदक मिळणे ही त्या प्रतवारीच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. ज्याने दुसऱ्यांच्या घरातील भांडी हाताळून पोट भरले, त्याच्या हातून ती रंगविली गेली, हे आरा यांच्याबद्दल लिहिताना अनेकदा सांगितले जाते. त्यातील भावुकता वगळली तरी एवढे खरे, की त्यांच्या चित्रांतील भांडी दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेली वाटत नाहीत. ती वापरातली वाटतात.

आरा यांनी निर्वस्त्र स्त्रीचित्रांची मालिकाही केली आणि तिची चर्चा अधिक झाली. प्रोग्रेसिव्ह गटाचा इतिहास सांगताना सूझा, रझा आणि हुसेन यांच्या नावांनंतर आरा यांचे नाव घाईने उरकले जाते, याचे एक कारण त्यांनी निवडलेला विषय हेही असावे.

प्रभाकर बरवे

रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले प्रभाकर बरवे (1936–1995) हे जे. जे.चे विद्यार्थी. 1961 पासून सुमारे दोन दशके त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. घड्याळ, पान, किल्ली, फळ, टाचणी अशा नित्याच्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात, पण टेबल नसते, कापड नसते आणि बहुधा एका दिशेने येणारा प्रकाशही नसतो. प्रत्येक वस्तू मोकळ्या अवकाशात सुटी असते आणि शेजारच्या वस्तूशी तिचे नाते पाहणाऱ्याने जोडायचे असते. आरा यांनी प्रतवारी मोडली ती वस्तूला जवळ घेऊन. बरवे यांनी तिला तिच्या घरापासून सोडवून. वस्तूकडे पाहण्याविषयीचे आपले विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (1990) या पुस्तकात मांडले आहेत. चित्रकाराने वस्तूविषयी मराठीत इतके सविस्तर लिहिल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यांतील अनेक चित्रे एनॅमल रंगांत केलेली आहेत. कपाटे, खिडक्यांचे गज आणि पत्र्याचे डबे रंगविण्यासाठी घरोघर वापरतात, तोच हा रंग.